चोराच्या पाठीवरचा नंबर

बासिलियाने नवऱ्याचं जाकीट चोराला देऊन टाकलं ते सोमवारी. गुरुवारपर्यंत विया एस्कार्चा वस्तीत तिच्या नवऱ्याला कुणी आपल्या दाराजवळ फिरकू देईना. आणि तिचा नवरा, सेवेरो चिपाना, कुलपं बसवण्याचा धंदा करत होता.

चोर खरा नव्हता. मिनीबस वळतात त्या कोपऱ्यावर, दिव्याच्या खांबाला, गळ्यात दोर बांधून लटकवलेला तो पेंढ्याचा बाहुला होता. डोंगरावरच्या एल आल्तो शहरात बहुतेक वस्त्यांच्या तोंडाशी असा एखादा लटकत असतो. छातीवर पाटी असते. विया एस्कार्चातल्या पाटीवर लिहिलं होतं, ‘इथे पकडलेला चोर पोलिसांपर्यंत पोचत नाही.’ वस्तीत आजवर एकही चोर पकडला गेला नव्हता, त्यामुळे पाटीचा खरेखोटेपणा तपासायची वेळ आली नव्हती.

जुन्या बाहुल्याचं मुंडकं ऑगस्टच्या वाऱ्याने नेलं. दोन आठवडे तो तसाच लटकत राहिला. मग वस्ती समितीच्या अध्यक्ष दोन्या, म्हणजे बाई, रेमेदिओस तार्की यांनी चौथ्या गल्लीला निरोप पाठवला, की यंदा नवा बाहुला करायची पाळी तुमची.

“मुंडकं नसलेल्या चोराला कोण घाबरणार?” त्या म्हणाल्या. “चोर म्हणतील, यांना स्वतःचा बाहुला सांभाळता येत नाही, हे घरं काय सांभाळणार.”

पद्धत अशी की प्रत्येक घराने एकेक वस्तू द्यायची. काचा बसवणाऱ्या लिंबेर्तने पिठाची गोणी दिली, तिचं डोकं झालं. कुणी विजार दिली, कुणी फाटके बूट. बासिलियाने जाकीट दिलं.

ते निळं जाकीट सेवेरोने नऊ वर्षं घातलं होतं. पाठीवर पिवळ्या दोऱ्याने मोठी किल्ली भरलेली होती, तिच्यावर ‘चिपाना’ आणि खाली आठ आकडी फोन नंबर. वर्षभरापूर्वी त्याच्यासाठी नवं जाकीट शिवून आणलं तरी तो जुनंच घालायचा. त्याला तेलाचा वास होता, आणि बासिलियाच्या मते तो वास पलंगापर्यंत पोचला होता. चोराच्या अंगावर आपलं नाव नको, एवढं भान तिला होतं. तिने दोन संध्याकाळी टीव्हीसमोर बसून पिवळा दोरा न् दोरा उसवला आणि जाकीट समितीकडे दिलं.

एक गोष्ट तिला दिव्याच्या उजेडात दिसली नाही. इथल्या उन्हाने नऊ वर्षांत जाकिटाचा निळा रंग पार पांढुरका केला होता. दोऱ्याखालचं कापड मात्र कोरंच राहिलं होतं. दोरा निघाल्यावर किल्ली, नाव आणि नंबर गडद निळ्या रंगात उमटले, पहिल्यापेक्षा स्वच्छ.

“माझं जाकीट कुठंय?” सोमवारी दुपारी सेवेरोने विचारलं.

“खांबावर.”

“खांबावर म्हणजे?”

“चोराला दिलं. तुझ्यापेक्षा त्याला बरं दिसतंय.”

सेवेरोने नाराजीने नवं जाकीट अंगात चढवलं आणि बाजारातल्या आपल्या पत्र्याच्या टपरीकडे गेला. सकाळी बाहुल्याचं तोंड रस्त्याकडे होतं आणि कुणाला काही खटकलं नव्हतं. पण दुपारी डोंगराकडून वारा सुटतो. दोराला पीळ बसतो, बाहुला सावकाश वळतो आणि संध्याकाळपर्यंत रस्त्याकडे पाठ करून लटकतो. शिवाय त्याच कोपऱ्यावरून रोपवेचे पाळणे जातात. एकेका पाळण्यात दहा माणसं असतात आणि त्यांना खाली बघण्यावाचून दुसरं काम नसतं.

तीन वाजून दहा मिनिटांनी पहिला फोन आला.

“चिपाना?”

“हो, बोला.”

“लाज नाही वाटत?”

फोन बंद झाला. बुधवारपर्यंत असे नऊ फोन आले. दहावा फोन जरा निराळा होता. एका बाईने विचारलं, “चोरीची तक्रार याच नंबरवर करायची का?” तोवर सेवेरोचं डोकं फिरलेलं होतं. त्याने फोन ठेवून दिला.

गुरुवारी तो दोन्या सिन्फोरोसाकडे गेला. त्यांच्या दाराचं कुलूप तुटलं होतं आणि नवं बसवायचं आधीच ठरलं होतं. त्यांनी दार बोटभर उघडलं. कारागिराला इथे मायेस्त्रो, म्हणजे उस्ताद, म्हणतात.

“राहू दे, मायेस्त्रो. आहे तेच कुलूप बरंय.”

“अहो, ते तुटलंय.”

“तुटलंय ना? मग त्याची किल्ली तुम्हाला करता यायची नाही.”

“मी तुमच्या घरी सहा वर्षं येतोय.”

“तेच तर. घर तुम्हाला सगळं माहीत आहे,” त्या म्हणाल्या आणि आतून टेबल सरकवल्याचा आवाज आला.

कुलूपवाल्यावरचा भरवसा उडाला की त्याच्याकडे उरतं ते नुसतं पितळ. त्या आठवड्यात सेवेरोच्या यंत्रावर एकही किल्ली घासली गेली नाही. शुक्रवारी सकाळी तो दोन्या रेमेदिओसच्या गाडीवर गेला. त्या पहाटेपासून कोपऱ्यावर जांभळ्या मक्याचं गरम आपी विकत आणि समितीचं कामकाजही तिथूनच चालवत. डोक्यावर गोल टोपी, कमरेला दोन परकर, गळ्यात शिट्टी. वस्तीच्या दोनशे बारा घरांत प्रत्येकाकडे अशी शिट्टी होती. तीनदा वाजली की हातातलं काम टाकून धावायचं.

“दोन्या रेमेदिओस, ते जाकीट उतरवा.”

“का? चांगलं बसलंय की.”

“त्यावर माझं नाव आहे.”

“दिसलं मला. पण एकदा टांगलेल्या बाहुल्याला हात लावायचा तर आमसभा लागते. ती डिसेंबरात.”

“मग मी गुपचूप उतरवतो. तुम्ही बघू नका.”

दोन्या रेमेदिओसनी पातेल्यात पळी ठेवली, गाडीखालून समितीची वही काढली आणि पान उलटलं.

“ठराव क्रमांक आठ. ‘समितीच्या परवानगीशिवाय जो बाहुल्याला हात लावील, तो चोरांचा साथीदार समजला जाईल.’ दोन वर्षांपूर्वीचा आहे. पोरांनी बूट पळवले होते तेव्हाचा. ठराव मांडणाऱ्याचं नाव वाचू?”

“नको.”

“सेवेरो चिपाना.”

“तातडीची सभा घ्या मग.”

“आणि कारण काय लिहू? चोराचा विषय? मायेस्त्रो, या वस्तीत अकरा वर्षांत एकाही चोरीची नोंद नाही. दर डिसेंबरात मी उभी राहते आणि सांगते, चोऱ्या शून्य. शेजारच्या वस्तीत वर्षाला तीस. तिथली समिती माझ्याकडे हेव्याने बघते, त्या रात्री मला गाढ झोप लागते. तुमच्या जाकिटापायी मी यंदाच्या पानावर चोर हा शब्द लिहायची नाही.” मग त्यांनी कप पुढे केला. “आपी घ्या. चेहरा उतरलाय तुमचा.”

सेवेरोने आपी घेतलं आणि शनिवारी दुपारी साडेबाराची वेळ मनात नक्की केली. त्या वेळी फुटबॉलचा सामना होता, रस्ता ओस पडणार होता. बेत साधा होता. शिडी लावायची, काळ्या बूटपॉलिशने पाठीवरची अक्षरं माखायची आणि पाच मिनिटांत खाली यायचं. जाकीट उतरवायचं नव्हतं, त्यामुळे ठराव मोडत नव्हता, निदान तो स्वतःला तसं सांगत होता.

“शिडी तू धर,” त्याने बासिलियाला सांगितलं. “हे सगळं तुझ्यामुळे झालंय.”

“माझ्यामुळे कसं? नाव तुझं, नंबर तुझा.”

तरी ती आली. सेवेरो वर चढला. धुळीच्या वाऱ्यामुळे त्याने मफलर नाकापर्यंत ओढला होता आणि कानटोपी भुवयांपर्यंत. बाहुला झुलत होता, म्हणून त्याने डाव्या हाताने त्याला छातीशी धरलं आणि उजव्या हाताने पॉलिशची डबी उघडायला लागला. डबी उघडेना.

“लवकर कर,” खालून बासिलिया म्हणाली. “सूप गॅसवर आहे.”

“दोन मिनिटं.”

“उतू जाईल. आलेच मी.”

ती गेली. नेमकी त्याच वेळी सामन्याची विश्रांती झाली आणि लिंबेर्त हवा खायला खिडकीत आला. त्याने पाहिलं ते एवढंच, की तोंड बांधलेला एक माणूस वस्तीच्या चोराला मिठी मारून खांबावर आहे. लिंबेर्त नियमाने चालणारा माणूस. त्याने तीनदा शिट्टी वाजवली, इशाऱ्याचा फटाका उडवला आणि रस्ता ओलांडून शिडी काढून घेतली.

ते सगळं ठरावानुसार होतं. ठराव क्रमांक नऊ म्हणतो, संशयिताचं पळण्याचं साधन आधी ताब्यात घ्यावं.

सेवेरोने दोन्ही पाय खांबाला आणि दोन्ही हात बाहुल्याच्या गळ्याला घातले. पॉलिशची डबी खाली पडली आणि बंदच राहिली. पाच मिनिटांत खांबाभोवती चाळीस माणसं जमली. कुणाच्या हातात काठी होती, कुणाच्या झारा, एकाच्या हातात टीव्हीचा रिमोट होता कारण तो ठेवायला सुचलं नव्हतं.

“दोन आहेत,” मागून कुणीतरी म्हणालं.

“एक आपला आहे. टांगलेला.”

“मफलर काढ,” लिंबेर्तने हुकूम केला.

“हात सुटत नाहीत, लिंबेर्त. मी आहे, सेवेरो.”

“कोण सेवेरो?”

“तुझ्या शेजारचा. काल तुझा हातोडा परत दिला तो.”

लिंबेर्त वरमला, पण शिडी त्याने सोडली नाही. गर्दीत कुजबुज सुरू झाली. चिपानाच. नाव तर पाठीवर आहेच. पुरावा पळवायला आला असणार. एक म्हातारी म्हणाली की तिला पहिल्यापासून वाटतच होतं, कारण हा माणूस कुठलंही दार तीन मिनिटांत उघडतो.

दोन्या रेमेदिओस आल्या आणि गर्दीने वाट दिली. त्यांनी वर पाहिलं.

“खाली या, मायेस्त्रो.”

“शिडी द्या.”

“शिडी दिली तर पळाल.”

“शिडी नसेल तर उतरू कसा?”

यावर गर्दीत दोन मतं पडली. अर्ध्यांचं म्हणणं, आधी उतरू द्या, मग विचारा. उरलेल्यांचं म्हणणं, वर आहे तोवरच खरं बोलेल. दोन्या रेमेदिओस मतदान घ्यायच्या विचारात होत्या, तेवढ्यात सेवेरोच्या शर्टाच्या खिशात फोन वाजला. हात मोकळा नव्हता. वाजतच राहिला. शेवटी त्याने मान वाकवून खिशावर हनुवटी दाबली. बटणांचा जुना फोन, कुठलं बटण दाबलं गेलं कोण जाणे, पण बाईचा आवाज थेट रस्त्यावर ऐकू आला.

“हॅलो, चोरीच्या तक्रारीचा नंबर ना? बुधवारी पण केला होता, तुम्ही ठेवून दिलात.”

“बाई, मी खांबावर आहे,” सेवेरो म्हणाला.

“माहीत आहे. रोज रोपवेतून बघते. लोकर विकायला खाली जाते मी, तेव्हा दिसतो नंबर. बरं केलंत लावलात ते. लिहून घ्या. गॅस सिलिंडर, एक. मागच्या दाराची कडी उचकटून नेला.”

“कुठली वस्ती?” दोन्या रेमेदिओसनी खालून विचारलं. स्वरात शेजारच्या वस्तीबद्दलची सहानुभूती होती.

“विया एस्कार्चा. सहावी गल्ली.”

वर बाहुल्याचा दोर करकरला.

“आपल्याकडे अशी नोंद नाही,” दोन्या रेमेदिओस म्हणाल्या.

“कशी असेल?” फोनमधली बाई म्हणाली. “नोंदवायला गेलं की त्या रेमेदिओसबाई असं बघतात, जसं काही आपणच चोरलाय. त्यांचं ते शून्य जातं ना. म्हणून तर तुम्हाला केला. त्यांना सांगू नका.”

कुणी दोन्या रेमेदिओसकडे पाहिलं नाही. चाळीस माणसांना एकदम आपापले बूट बघावेसे वाटले. मग लिंबेर्तने घसा खाकरला.

“जूनमध्ये माझ्या तीन काचा गेल्या,” तो म्हणाला. “चौकटीसकट.”

“तू म्हणालास फुटल्या,” दोन्या रेमेदिओस म्हणाल्या.

“फुटल्या म्हणालो.”

“आमचं शिलाई मशीन,” मागून एक बाई म्हणाली. “गावी दिलंय म्हणून सांगितलं होतं.”

“माझे पाच ससे.”

“आमच्या दाराचं कुलूपच नेलं, मायेस्त्रो. आत काही नव्हतं, म्हणून कुलूप.”

“कुठलं होतं?” वरून सेवेरोने विचारलं.

“पितळी, छोटं.”

“ते रस्त्यावर ढिगात मिळतं तसं? ते केसांच्या पिनेने निघतं. तुम्हाला दाराच्या आत बसणारं पाहिजे, दोन फेऱ्यांचं. दार लोखंडी आहे की लाकडी?”

“लाकडी.”

“मग आधी मागे पट्टी मारावी लागेल.”

“आमचं लोखंडी आहे,” दुसरा पुढे सरकला. “त्याला काय?”

सेवेरो बाहुल्याच्या खांद्यावरून वाकून एकेकाला सांगत गेला. कडी वेगळी, बिजागरी वेगळी, आडणा कसा लावायचा, मागच्या दाराकडे सगळे दुर्लक्ष का करतात आणि ते किती मोठी चूक आहे. नऊ वर्षांत एवढे लोक त्याचं बोलणं ऐकायला कधी थांबले नव्हते. आपणच त्याला चोर म्हणत होतो हे गर्दीच्या लक्षात राहिलं नाही. समितीचा चिटणीस एव्हाना वही घेऊन आला होता आणि चोऱ्या मोजत होता. तेवीस झाल्या.

“अहो, पण शिडी,” सूप उतरवून आलेली बासिलिया म्हणाली. “माझा नवरा पडेल तिथून.”

लिंबेर्तने शिडी लावली. सेवेरो उतरला तसे त्याच्या हातात सात घरांचे पत्ते कोंबले गेले. गर्दी पांगल्यावर दोन्या रेमेदिओस जवळ आल्या. आजूबाजूला कुणी नाही याची खात्री करून त्यांनी आवाज उतरवला.

“मायेस्त्रो, जमलं तर माझ्याकडेही येऊन जा. मागचं दार.”

“तुमच्याकडे? काय गेलं?”

त्यांनी गळ्यातली शिट्टी उचलून दाखवली. ती पत्र्याची होती.

“चांदीची होती,” त्या म्हणाल्या. “समितीने दिलेली. शून्य चोऱ्यांची दहा वर्षं पूर्ण झाली म्हणून.”

पुढचे तीन आठवडे सेवेरोने जेवणही धड बसून केलं नाही. वस्तीत त्याने एकेचाळीस कुलपं बसवली. दोन्या सिन्फोरोसांनी टेबल बाजूला सरकवलं आणि दोन कुलपं एकाच दाराला लावून घेतली. तक्रारीचे फोन तर येतच होते, पाळण्यातून जाणाऱ्यांचे, लांबलांबच्या वस्त्यांतले. सेवेरो आता फोन ठेवत नसे. आधी काय गेलं ते शांतपणे ऐकून घेई, हळहळ व्यक्त करी आणि मग विचारी, “दार लोखंडी की लाकडी?” दोन्या रेमेदिओसनी तेवीसचा आकडा घेऊन वरच्या कार्यालयात खेटे घातले आणि दोन नवे दिवे मंजूर करून आणले. अकरा वर्षांच्या शून्याने एकही दिवा मिळाला नव्हता. शेजारच्या वस्तीत तीस चोऱ्या होत्या हे त्यांना आठवलं तेव्हा त्यांना तिथल्या समितीचा पहिल्यांदाच हेवा वाटला.

आणि मग समितीला सेवेरोची आठवण झाली.

रविवारी सकाळी दाराशी सहा माणसं उभी होती. पुढे दोन्या रेमेदिओस, त्यांच्या हातात निळं जाकीट. धुतलेलं, इस्त्री केलेलं, घडीवर कागदी फुलांचा हार.

“मायेस्त्रो, आमची चूक झाली,” त्या म्हणाल्या. “तुमच्यासारख्या माणसाचं नाव महिनाभर चोराच्या पाठीवर होतं. काल तातडीची सभा घेतली. एकमताने ठराव झाला.”

सेवेरोने जाकिटाकडे पाहिलं.

“कशाला उगाच,” तो म्हणाला. “लटकू द्यायचं.”

“असं कसं?”

“मला काही वाटत नाही. खरंच. वस्तीच्या सुरक्षेसाठी एवढं तर करायलाच हवं.”

“बघा,” दोन्या रेमेदिओस मागच्यांकडे वळून म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. “आणि अशा माणसाला आपण चोर म्हणालो.”

त्यांनी हार त्याच्या गळ्यात घातला आणि जाकीट त्याच्या हातात दिलं. लिंबेर्तने जोरात टाळ्या वाजवल्या, इतरांपेक्षा जरा जास्तच.

सोमवारी फोन आला नाही. मंगळवारी एक आला, पण तो चुकीच्या नंबरवर लागला होता. बुधवारी दुपारी वारा सुटला तेव्हा सेवेरो टपरी बंद करून कोपऱ्यावर गेला. बाहुला सावकाश वळला. त्याच्या अंगावर नवंकोरं राखाडी जाकीट होतं आणि पाठीवर ताज्या लाल दोऱ्याने ठसठशीत अक्षरं भरलेली होती. ‘लिंबेर्त आखाता. फुटलेल्या, गेलेल्या काचा बसवून मिळतील.’ खाली नंबर.

घरी येऊन तो जेवायला बसला. बासिलियाने सूप वाढलं.

“डिसेंबरच्या सभेला मला एक ठराव मांडायचाय,” तो म्हणाला.

“कसला?”

“वस्तीच्या त्या टोकाला, रोपवेच्या स्टेशनजवळ, एकही बाहुला नाही. तिकडची सुरक्षा फार कमकुवत आहे.”

बासिलिया उठली. तिने खुंटीवरून जुनं जाकीट काढलं, उजेडाकडे धरलं. समितीने मन लावून धुतलं होतं. चांगल्या साबणाने, ब्लीच घालून, गरम पाण्यात, दोनदा. निळा रंग सगळीकडे सारखाच फिका झाला होता. नाव, किल्ली, नंबर, कशाचाही मागमूस नव्हता.

तिने ते बाजूला ठेवलं. मग नवऱ्याच्या अंगातलं नवं जाकीट काढून घेतलं, पिवळा दोरा ओवला आणि त्याच रात्री पाठीवर किल्ली भरायला घेतली. सकाळी ती शिडी लावून घराच्या पत्र्यावर चढली, जाकीट पाठ वर करून पसरलं आणि चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले.

“दोऱ्याभोवतीचा रंग उडायला नऊ वर्षं लागली होती,” खालून शिडी धरून सेवेरो म्हणाला.

“तेव्हा तू सावलीत काम करायचास,” बासिलिया म्हणाली. “शिडी सोडू नकोस.”